नावेत बसून काय ऐकावे?



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा पुष्कळांच्या भुवया उंचावल्या असतील. वसंतातल्या व्याख्यानांना आपण येतो ते संतवाङ्मय ऐकायला, देशाचा अर्थसंकल्प समजून घ्यायला, फार तर मधुमेहावर चार शब्द कानावर पडावेत म्हणून. शिडाच्या होडीत बसून जाताना कोणते संगीत ऐकावे, हा प्रश्न कर्जत लोकलच्या डब्यात उभे राहून घरी येणाऱ्या माणसाला कशाला पडावा? एका स्नेह्याने आम्हांस तोंडावरच विचारले, "विठ्ठलवाडीला समुद्र कुठं आला हो?"

समुद्र इथून चार-पाच किलोमीटरांवर आहे. दुर्गाडीच्या पायथ्याशी दिवसातून दोनदा जे पाणी चढते ते समुद्राचेच. आपल्या वालधुनीचे पाणीही शेवटी त्यालाच जाऊन मिळते. तिची आज काय दशा झाली आहे हे आपल्या नाकांना ठाऊक आहे, तेव्हा तो विषय येथेच सोडू. ग्रीक नाविकाने लिहिलेल्या जुन्या प्रवासवृत्तात 'कल्लिएना' म्हणून ज्या बंदराचा उल्लेख येतो ते हे कल्याण. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि पुढच्या दोनएक वर्षांत याच खाडीत वसईकडच्या पोर्तुगीज कारागिरांच्या हातून लढाऊ गलबते बांधावयास घेतली. १८५४ साली आगगाडी कल्याणला पोहोचली आणि मग हळूहळू आपण पाण्याकडे पाठ फिरवून बसलो. आज पुलावरून जाताना खाडी दिसते, पण ती बहुधा वाहने तुंबली म्हणून दिसते.

तेव्हा विषय आपलाच आहे. आणि तो केवळ शौकिनांचाही नाही, हे पुढे आपल्या ध्यानात येईल. समुद्रावर कान हे करमणुकीचे इंद्रिय होण्याआधी जीव वाचविण्याचे इंद्रिय आहे. आम्हांला जे काही सांगावयाचे आहे ते या एका गोष्टीभोवतीच फिरणार आहे.

पहिली गोष्ट अशी, की नावेत बसून गाणे 'ऐकणे' ही कल्पनाच नवी आहे. पूर्वी नावेत गाणे म्हणत असत, ऐकत नसत. वल्हे मारणारे सहा-आठ गडी असले की त्यांची वल्ही एकाच क्षणी पाण्यात पडली पाहिजेत आणि एकाच क्षणी बाहेर आली पाहिजेत. नाही तर वल्ह्यावर वल्हे आपटते आणि नाव जागच्या जागी गिरक्या घेते. ही एकी साधायची कशी? तांडेलाने 'एक, दोन' म्हणत राहिले तर तो अर्ध्या तासात कंटाळेल आणि गडी पाव तासात. म्हणून एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी ती उचलायची. ओळ टाकताना वल्हे पुढे जाते, उचलताना पाणी कापले जाते. या गाण्यात अर्थाला फारसे महत्त्व नसते, चालीला त्याहून थोडे अधिक, आणि श्वास कोठे घ्यायचा याला सर्वांत अधिक. जात्यावरच्या ओवीचे जे गणित तेच हे. ओवीतून जाते काढून घेतले की ती ऐकायला गोड वाटते, पण थोडी पोरकी होते.

शिडाच्या मोठ्या जहाजांवर गोऱ्या खलाशांचीही अशीच गाणी होती. परबाण वर चढवताना दोर हिसक्याने ओढायचा असतो, म्हणून त्या गाण्यात ठरावीक जागी जोराचा आघात. नांगर उचलताना चक्राभोवती सतत चालत राहायचे असते, म्हणून ते गाणे न थांबणारे, पदयात्रेसारखे. कामाप्रमाणे गाणे, हा तिथला कायदा होता. इंग्रजांच्या आरमारात मात्र कामाच्या वेळी गायला मनाई असे. हुकूम ऐकू आले पाहिजेत, हे कारण. त्याऐवजी तिथे सारंगीसारखे व्हायोलिन किंवा बासरी वाजवणारा एक माणूस ठेवीत. शिस्तीच्या जागी सुद्धा सुरावाचून दोर ओढला गेला नाही, ही गोष्ट आम्हांला मोठी बोलकी वाटते.

बंगालमध्ये याच्या दोन निराळ्या जाती आहेत. नौकांच्या शर्यतीत, वल्ह्यांच्या ठेक्यावर म्हणायचे ते सारी गान. आणि ओहोटीच्या पाण्याबरोबर नाव आपोआप खाली वाहत असताना एकट्या माझीने म्हणायची ती भटियाली. 'भाटा' म्हणजे ओहोटी. हात मोकळे, वल्ह्याचे काम नाही, म्हणून भटियालीला ठेका नाही; सूर लांबवता येईल तितका लांबवायचा. सचिन देव बर्मन यांनी १९५९ च्या 'सुजाता'त आणि १९६३ च्या 'बंदिनी'त स्वतःच्या आवाजात जी माझीची गाणी म्हटली, त्यांत ही जातकुळी आपल्याला कुर्ला-कल्याणला बसून ऐकायला मिळाली.

आता आपल्याकडे वळू. मराठीत समुद्राची गाणी म्हटली की दोन तऱ्हा समोर येतात. एक सावरकरांची, १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर लिहिलेली कविता. ती थोर आहे यात वाद नाही. पण ती किनाऱ्यावर उभे राहून सागराला घातलेली साद आहे. आपल्या पांढरपेशा वाङ्मयाने समुद्र बहुधा असाच पाहिला, वाळूत उभे राहून. समुद्र ओलांडणे हे पाप मानण्याची रूढी शतकानुशतके बाळगल्यावर दुसरे काय होणार? संतांनी भवसागर पदोपदी आणला, 'नाव' या शब्दाचे होडी आणि नाम असे दोन्ही अर्थ मनसोक्त खेळवले. तरी त्या नावेचा नावाडी पंढरीचा, म्हणजे चंद्रभागेवरचा. ज्या पेठेला विठ्ठलाचे नाव आहे तेथे हे बोलताना आम्ही जपूनच बोलतो आहोत. पण चंद्रभागेला भरती-ओहोटी नाही, एवढे विठ्ठलही कबूल करील.

दुसरी तऱ्हा कोळीगीतांची. यांतली सर्वांत गाजलेली काही गाणी शान्ता शेळके यांनी लिहिली, हृदयनाथ मंगेशकरांनी बांधली. कवयित्री जन्मल्या इंदापूरला, समुद्रापासून कितीतरी दूर. आणि 'मी डोलकर' लता मंगेशकरांबरोबर गायले ते हेमंतकुमार बंगालचे. तरीही कोळीवाड्यांनी ती गाणी आपली म्हणून लग्नात वाजवली. यात आम्हांला काही विसंगत वाटत नाही. गाणे कुठले यापेक्षा ते कुणी उचलले हे महत्त्वाचे.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. 'डोलकर' म्हणजे लाटांवर डोलणारा, असे आपल्यांतील बहुतेकांना वाटते. तसे नाही. डोल हे एका जाळ्याचे नाव आहे. पिशवीसारखे लांबलचक जाळे, त्याचे तोंड समुद्रात ठोकलेल्या खुंटांना बांधलेले, प्रवाहाच्या सामोरे. भरतीचे वा ओहोटीचे पाणी त्या तोंडातून जोराने आत शिरते आणि बोंबील, जवळा मागच्या निमुळत्या टोकात साठतात. पाणी वळायच्या आत जाळे उचलले पाहिजे, नाही तर मिळकत परत समुद्राला जाते. म्हणून डोलकराचे घड्याळ भिंतीवर नसते. ते पाण्यात असते. पौर्णिमा-अमावास्येला मुंबईकडे दुपारी बाराच्या सुमारास भरती, मग रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा. उधाणाला पाणी धावते, भांगाला मंदावते. 'नाखवा' हाही असाच दुरून आलेला शब्द, फारसीतल्या 'नाखुदा'चा, म्हणजे नावेच्या धन्याचा. 'सारंग' हाही फारसीतूनच आला, 'सरहंग' म्हणजे सरदार, यावरून. दुपारच्या रागाशी त्याचा संबंध नाही. पण भर दुपारी सुकाणूवर बसलेल्या सारंगाला वृंदावनी सारंग ऐकवला तर आमची हरकत नाही.

मग 'ऐकणे' आले कधी? तबकडीच्या फोनोग्राफने ते आणले असे वाटेल, पण लहान होडीत फोनोग्राफ टिकणे शक्यच नव्हते. होडी कलली की सुई घसरते. मोठ्या आगबोटींची गोष्ट निराळी. कोकणबोटीच्या डेकवर मात्र यंत्राची गरजच नसे. शिमग्याला गावी निघालेले चाकरमानी टाळ-मृदंग घेऊनच चढत, आणि ज्यांना बोट लागत होती तेसुद्धा मध्येच उठून एक-दोन अभंगांना टाळी देत. १९५४ साली अमेरिकेत खिशात मावणारा ट्रान्झिस्टर बाजारात आला, आणि दहा-पंधरा वर्षांत तो आपल्या किनाऱ्यावरच्या होड्यांत दिसू लागला. त्याच काळात होड्यांना डिझेलची इंजिने बसू लागली. या दोन गोष्टी एकदम आल्या, हे आम्हांला फार महत्त्वाचे वाटते. इंजिनाने वल्ह्याचे गाणे बंद पाडले आणि ट्रान्झिस्टरने त्या रिकाम्या जागी दुसरे गाणे आणून ठेवले. नाव पुकारणारा आणि ओळ उचलणारे, दोघेही श्रोते झाले.

आम्ही इंजिनाविरुद्ध बोलत नाही. खांद्याचे सांधे निखळेपर्यंत वल्हे मारणाऱ्या माणसापुढे जाऊन इंजिनाची निंदा करणे हा पंख्याखाली बसलेल्याचा उद्योग आहे. पण काय गेले याची नोंद ठेवायला काय हरकत आहे?

असो. आता प्रत्यक्ष निवडीचा प्रश्न. आपल्यांतील काही तरुण मंडळी हल्ली गिरगाव, मांडवा, गोव्याकडे शिडाच्या नौका चालवायला शिकतात. दिलीप दोंदे या मराठी नौसैनिकाने ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात 'म्हादेई' या गोव्यात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हापासून या छंदाला आपल्याकडे थोडी प्रतिष्ठाही आली आहे. त्यांना काही उपयोगाचे सांगता आले तर पाहावे.

उघड्या पाण्यावर आवाजाचे काय होते ते आधी समजून घेतले पाहिजे. खोलीत भिंती आवाज परत पाठवतात, म्हणून तबल्याचा डग्गा घुमतो. पाण्यावर भिंत नाही. खर्जाचा आवाज लहानशा यंत्रातून आधीच कमी निघतो, उरलेला वाऱ्याच्या घोंगावण्यात बुडतो. कारण वाऱ्याची कानावरची घरघर ही खर्जातलीच असते. याउलट माणसाचा कान दोन ते चार हजार कंपनांच्या आसपास सर्वांत तीक्ष्ण असतो. सनई, बासरी, खणखणीत गळा यांचे तेज त्या पट्ट्यात पुरेसे असते, म्हणून ती वाद्ये वाऱ्यातूनही कानापर्यंत येतात. सनई मांडवाबाहेर बसून वाजवतात आणि सतार दिवाणखान्यात, हे शहाणपण आपल्या पूर्वजांना पुस्तकावाचून होते.

या बाबतीत एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १७ जुलै १७१७ रोजी इंग्लंडचा राजा पहिला जॉर्ज लंडनमध्ये थेम्स नदीवर नौकेतून विहाराला निघाला. व्हाइटहॉलहून चेल्सीपर्यंत. भरतीचे पाणी नदीत चढत होते, त्याच्याबरोबर नावा वल्ह्यांवाचून वर सरकत होत्या. शेजारच्या नावेत पन्नासएक वादक होते आणि ते हेंडेलने या प्रसंगासाठी रचलेले संगीत वाजवीत होते. राजाने ते पुनःपुन्हा वाजवायला लावले. त्या रचनेत तुताऱ्या, शिंगे आणि तोंडाने फुंकायची वाद्ये यांना मानाचे पान आहे. उघड्यावर ऐकू जाईल असेच त्याने निवडले. आणि वेळ निवडली ती भरतीची, म्हणजे वल्ह्यांची खळबळ नको. संगीत निवडण्याआधी पाणी निवडले! हा माणूस एखाद्या डोलकराच्या हाताखाली शोभला असता.

वाऱ्याचे गणित याहून महत्त्वाचे आहे. समजा वारा ताशी दहा सागरी मैलांचा आहे आणि आपली नाव पाच मैलांनी चालली आहे. वारा थेट पाठीमागून असेल तर आपल्या कानाला तो पाचच मैलांचा लागतो. तोच वारा समोरून, अर्ध्या काटकोनात घेऊन आपण जात असलो तर तो सुमारे चौदा मैलांचा लागतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे त्याच वाऱ्याचा जोर जवळजवळ आठपट झाला. नाव तीच, वारा तोच. केवळ तोंड फिरवल्यावर सगळे जग बदलते. समोरच्या वाऱ्यात शीड ताणलेले, दोर कुरकुरत असलेले, तुषार अंगावर, आणि हाक मारली तर दोन हातांवरच्या माणसाला ऐकू जात नाही. अशा वेळी यंत्र बंद करावे. येथे निवडीचा प्रश्नच नाही. त्या आवाजात गाणे ऐकू यावे म्हणून ते मोठे केले की तांडेलाची हाक गेली, आणि हाक गेली की कुणाचे तरी बोट दोरात गेले.

पाठवाऱ्याचे सुख मोठे फसवे असते. एकदम शांत वाटते. ऊन अंगाला लागते, डोळे जड होतात. यंत्र लावावेसे वाटते ते याच वेळी. आणि याच वेळी शीड कडेला जरासे फडफडले तर ती इशाऱ्याची खूण असते. वारा शिडाच्या मागच्या बाजूने शिरू पाहत आहे, आणि पुढच्याच क्षणी ते परबाणासकट फडकन दुसऱ्या अंगाला जाईल, वाटेत जे डोके येईल त्याला घेऊन. ही फडफड हलकी असते. म्हणून पाठवाऱ्यावर गाणे लावावे, पण एका आवाजाचे, मधल्या लयीचे, मध्ये मध्ये विसावा असलेले. ज्यात क्षणभरही शांतता नाही असा वाद्यमेळ नको. आमची स्वतःची आवड विचाराल तर अशा वेळी अतिविलंबित ख्याल. एकेक मात्रा चार-पाच सेकंदांची. मोठ्या लाटेवर नावेला एकदा कलून पुन्हा उभे राहायला साधारण तितकाच वेळ लागतो. घरी बसून ज्या विलंबिताचा कंटाळा येतो तो तिथे एकदम उलगडतो. अर्थात ज्याला पोटात ढवळत असेल त्याने हा प्रयोग करू नये. त्याने क्षितिजाकडे पाहावे आणि आले चघळावे.

रात्रपाळी हा वेगळा विषय. आपल्याकडे दिवसाचे आठ प्रहर, प्रत्येक तीन तासांचा. जहाजावर पहारा चार तासांचा आणि दर अर्ध्या तासाला एक टोला वाढवीत आठ टोल्यांवर तो संपतो. संध्याकाळचा चार ते आठचा पहारा मात्र दोन दोन तासांचा करतात, म्हणजे रोज त्याच माणसावर मध्यरात्र येत नाही. आमच्या संगीतप्रेमी मित्रांना वाटते, प्रहराचा राग लावला की झाले: मध्यरात्री दरबारी, पहाटे ललत, भटियार. पहाटेचे ठीक आहे. पूर्वेला तांबडे फुटताना पाण्यावर भटियार ऐकणे हे सुख आम्ही कुणाला नाकारणार नाही. पण मध्यरात्रीच्या पहाऱ्यावर दरबारी म्हणजे झोपेला पाट मांडणे होय. तिथे हवे शब्दांचे गाणे, आपल्याला पाठ असलेले, आणि ते आपण मोठ्याने म्हणावे. जुनी नाट्यपदे या कामी अव्वल. ताना कितपत जमतात हे विचारायला तिथे कुणी नसते. गाणारा माणूस झोपत नाही, ऐकणारा झोपतो. हा भेद मध्यरात्रीनंतर जिवावरचा होतो. १८९५ ते १८९८ या तीन वर्षांत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला पुरुष जोशुआ स्लोकम याने लिहून ठेवले आहे, की तो समुद्रावर मोठ्याने गात असे, तेव्हा डॉल्फिनांच्या जातीचे प्राणी उसळत आणि म्हातारी कासवे पाण्याबाहेर माना काढून पाहत. बरोबर यंत्र नव्हते, म्हणून त्याला श्रोते मिळाले.

आणखी दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. त्या रसिकतेच्या नाहीत, पण आम्हांला त्याच सर्वांत महत्त्वाच्या वाटतात.

पहिली होकायंत्राची. आवाजाच्या यंत्रात, म्हणजे ज्याला आपण स्पीकर म्हणतो त्यात, लोहचुंबक असतो. तो सुकाणूजवळ, नेमका होकायंत्राशेजारी ठेवावा असाच मोह होतो, कारण सुकाणूवरचा माणूसच सर्वांत अधिक कंटाळलेला असतो. चुंबक जवळ आला की होकायंत्राची सुई ढळते. साठ मैलांच्या वाटचालीत एका अंशाची चूक म्हणजे सुमारे एक मैल. पाच अंशांची चूक म्हणजे पाच मैल. रात्रीच्या वेळी पाच मैलांत मोकळे पाणीही असते आणि खडकही असतात. खिशातला फोन दिशा दाखवतो हे खरे, पण खाऱ्या पाण्याचा एक सपकारा बसला की तो पाटी-पेन्सिलीच्याही उपयोगाचा राहत नाही. यंत्र होकायंत्रापासून शक्य तितके लांब ठेवावे आणि ठेवल्यावर सुई हलली का ते पाहावे.

दुसरी कानांत घालायच्या बोंडांची. समुद्रावर टक्कर टाळण्याचे जे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले, त्यांतला पाचवा नियम प्रत्येक नौकेला सांगतो की नजरेने आणि कानाने, दोहोंनी, सतत टेहळणी ठेवावी. 'कानाने' हा शब्द नियमातच आहे. धुक्यात यंत्राची बोट दोन मिनिटांच्या आत एक लांब भोंगा देते, शिडाची नाव एक लांब आणि दोन आखूड; एवढ्यावर दोघांनी एकमेकांना ओळखायचे असते. दोन्ही कानांत बोंडे घालून सुकाणूवर बसलेला माणूस अर्धा आंधळाच म्हणायचा. आमच्या खाडीत रेतीच्या होड्या, गाळाची यंत्रे, मध्येच आडवी जाणारी तर. आणि मुंबई बंदरात तर सांगायलाच नको. शिवाय बिनतारी यंत्राची सोळावी वाहिनी संकटाच्या हाकेसाठी राखलेली असते. ती ऐकू येत राहील एवढ्याच बेताने गाणे असावे. ११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' चक्रीवादळ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. पावसाळा संपलेला, मासेमारी भरात, किनाऱ्यावरच्या कितीतरी होड्या बाहेर. अशा वेळी बंदरावर तीन नंबरचा बावटा चढतो, पण तो किनाऱ्यावरून दिसतो. बाहेर असलेल्याला बातमी मिळते ती कानातूनच. ट्रान्झिस्टर होडीत गेला तो गाण्यासाठी, पण हवामानाचे दोन शब्द त्याच्यातून आले म्हणून किती घरांत चूल पेटत राहिली, त्याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

कुणी म्हणेल, एवढी बंधने घातल्यावर ऐकायचे उरले काय? पुष्कळ उरते. नांगर टाकल्यावर सगळेच उरते. संध्याकाळी वारा पडतो, पाण्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते, आणि आवाज वर निसटण्याऐवजी खाली वाकून पाण्यावरून दूरवर सरकत जातो. पलीकडच्या कोनगावातले लग्न अलीकडे दुर्गाडीच्या बाजूला इतके स्पष्ट ऐकू येते ते याच कारणाने. त्या वेळी यंत्र अगदी हळू लावले तरी पुरते; पण नांगरून पडलेल्या शेजारच्या होडीलाही ते ऐकावे लागते, याचे भान असू द्यावे. नांगरलेल्या नावेत आम्ही यमन ऐकला आहे, लावणी ऐकली आहे, आणि शेजारच्या होडीवरून आलेले, आम्ही न निवडलेले, डीजेचे गाणेही ऐकले आहे. त्यातले शेवटचे सर्वांत दूरवर पोहोचते, हे शास्त्र म्हणून आम्ही मान्य करतो.

आता वेळ होत आली. एक विनंती करून थांबतो. १ जूनपासून दोन महिने यांत्रिक मासेमारी बंद राहील, होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातील, नारळी पौर्णिमेपर्यंत म्हाताऱ्या माणसांना बोलायला सवड असेल. कोन, मोठागाव, काल्हेर, दिवे, अंजूर या खाडीकाठच्या गावांत आपल्यांतील कितीजणांची आजोळे आहेत, सोयरिकी आहेत. ज्यांनी हाताने वल्ही मारली, शिडाच्या होडीतून रेती, विटा, पेंढा वाहिला, अशी माणसे आता थोडी उरली. त्यांच्याकडून ती गाणी म्हणवून घ्या. फोन प्रत्येकाच्या खिशात आहे. मात्र नुसते शब्द उतरवू नका. म्हणणाऱ्याला जमिनीवर बसवून हातात काठी द्या, वल्हे मारल्यासारखे करायला सांगा, आणि कोणत्या अक्षरावर काठी पुढे गेली, कोणत्या अक्षरावर मागे आली, श्वास कोठे घेतला, ते लिहून ठेवा. ओळ कोण टाकत असे आणि तो नावेत कोठे बसत असे, हेही विचारा. तो बहुधा नाळेकडे नसून सुकाणूकडे बसत असावा असा आमचा तर्क आहे, कारण तिथून सगळ्यांची वल्ही दिसतात. पण हे विचारूनच ठरवले पाहिजे.